‘पासवर्ड विसरलो’ असा फोन आला की रीसेटच्या आधी काय बघायचं

चवथीची सुट्टी संपून कारखाना उघडतो त्या सकाळी माझा फोन आठच्या आधीच वाजायला लागतो. दीड दिवसाचा गणपती असलेले आधी परततात, मग पाच दिवसांचे, मग सात दिवसांचे, आणि ‘पासवर्ड विसरलो रे’ हे फोनही त्याच क्रमाने येतात. काही जण फोनच्या भानगडीत पडत नाहीत, नेवऱ्यांचा डबा घेऊन थेट सर्व्हर रूमच्या दारात उभे राहतात. त्यांचं काम आधी होतं हे मी नाकारत नाही.

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात मी गेली चौदा वर्षं युनिक्सची, म्हणजे युनिक्स घराण्यातल्या प्रणालींवर चालणारी, यंत्रं सांभाळतो. वापरकर्ते दीडशेच्या आसपास. मुख्य सर्व्हर रेड हॅट घराण्यातला, फाइल सर्व्हर डेबियनवर (दोन्ही लिनक्सचेच प्रकार), आणि कोपऱ्यात एक जुनं एआयएक्स, म्हणजे आयबीएमचं युनिक्स, ज्याच्यावर हिशेबाची जुनी प्रणाली अजून तग धरून आहे. सुरुवातीला फोन आला की मी पासवर्ड बदलून द्यायचो आणि मोकळा व्हायचो. दोन मिनिटांचं काम. पुढे एकदा वही चाळताना दिसलं की नावं तीच तीच आहेत. एकच माणूस महिन्यात चार वेळा पासवर्ड विसरतो हे पटेना. मग रीसेट करण्याआधी यंत्राला चार प्रश्न विचारायची सवय लावून घेतली, आणि निम्म्याहून जास्त वेळा रीसेटची गरजच पडेनाशी झाली.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टंकायच्या रोमनमध्ये, लहान अक्षरांत; जिथे मोठं अक्षर म्हटलंय तिथे मोठं. पासडब्ल्यूडी म्हणजे पासवर्ड या शब्दातली ‘ओ’ आणि ‘आर’ गाळून; चेज म्हणजे चेंजमधला ‘एन’ गाळून.

जुना पासवर्ड मी सांगू शकत नाही

‘नवीन नको, जुनाच काय होता तो बघून सांग ना’ ही मागणी दर आठवड्याला येते. सर्व्हर माझ्या ताब्यात, रूटचा, म्हणजे सर्वोच्च, अधिकार माझ्याकडे, तरी एवढं सांगता येत नाही म्हणजे हा टाळतोय, असं लोकांना वाटतं. पण पासवर्ड तिथे लिहून ठेवलेलाच नसतो. /ईटीसी/शॅडो या फाइलमध्ये असतो त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून आलेली अक्षरांची माळ. नारळ किसून चव काढता येते, चवीचा पुन्हा नारळ करता येत नाही, तसलाच प्रकार. लॉगिन करताना तुम्ही टंकलेल्या पासवर्डवर तीच प्रक्रिया पुन्हा होते आणि दोन माळा जुळतात का एवढंच बघितलं जातं.

ही पद्धत रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या लेखात मांडली. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा यावा म्हणून त्यात १२ बिटांचं ‘मीठ’ टाकायचं, म्हणजे एका पासवर्डचे ४०९६ वेगवेगळे हॅश होऊ शकतात, ही युक्ती त्याच लेखातली. त्या काळच्या पद्धतीत पहिली आठच अक्षरं मोजली जायची. खुद्द थॉम्पसन यांचा जुना पासवर्ड २०१९ मध्ये एका हौशी माणसाने यंत्र लावून शोधून काढला, तेव्हा ती बुद्धिबळातली सुरुवातीची चाल निघाली: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. त्यासाठी आजचं यंत्र आणि काही दिवस लागले. आमच्या स्टोअरमध्ये माणूस दारात उभा असताना असला खेळ करत बसायला वेळ नसतो.

शॅडो फाइलमध्ये हॅश ‘डॉलर ६ डॉलर’ने सुरू होत असेल तर तो एसएचए-५१२ या पद्धतीचा, ‘डॉलर वाय डॉलर’ने सुरू होत असेल तर येसक्रिप्ट. डेबियनमध्ये ११ व्या आवृत्तीपासून येसक्रिप्ट आलं. ‘डॉलर १ डॉलर’ दिसला तर तो एमडी५ या जुन्या पद्धतीचा, म्हणजे त्या माणसाने कित्येक वर्षांत पासवर्ड बदललेला नाही. त्याच्याकडून तेवढ्यासाठी बदलून घ्या.

आधी विचारायचं: पडद्यावर नेमकं काय आलं?

‘चालत नाही’ हे उत्तर मी आता घेत नाही. संदेश जसाच्या तसा वाचून दाखवायला सांगतो, किंवा फोटो मागतो. परवानगी नाकारली, खात्याची मुदत संपली, पासवर्ड ताबडतोब बदला, इतके प्रयत्न फसल्याने खातं बंद: हे चार वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. लोक चारही वेळा एकच वाक्य बोलतात.

मग माझ्या बाजूने पहिली आज्ञा ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’ आणि पुढे वापरकर्त्याचं नाव. खातं या यंत्राला दिसतंय का, ते कळतं. गेटएंटमध्ये दिसतंय पण /ईटीसी/पासडब्ल्यूडी फाइलमध्ये नाही, असं झालं तर खातं एलडॅप किंवा फ्रीआयपीएसारख्या निर्देशिकेत, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर आहे. तिथे या यंत्रावर बसून काही बदलण्यात अर्थ नाही. माझा एक मदतनीस अर्धा तास स्थानिक फाइलशी झुंजत बसला होता. खातं मुळात दुसऱ्या सर्व्हरवर होतं.

दुसरी ‘पासडब्ल्यूडी -एस’, मोठा एस. नावानंतर एक खूण येते. डेबियनवर पी असेल तर पासवर्ड ठीक, एल म्हणजे कुलूप, एनपी म्हणजे पासवर्डच नाही. आमच्या रेड हॅटवर त्याच खुणा पीएस, एलके, एनपी अशा दिसतात. कुलूप म्हणजे शॅडो फाइलमध्ये हॅशच्या आधी एक उद्गारचिन्ह लावलेलं असतं, बाकी काही नाही. पण या कुलपावर फार विसंबू नका. पासवर्डला असं कुलूप लावलं तरी एसएसएचची (दुरून लॉगिन करायची) चावी असलेला माणूस आत येऊ शकतो. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं खरोखर बंद करायचं असेल तर ‘चेज -ई’ला (मोठा ई) शून्य द्यायचं, म्हणजे खात्याचीच मुदत संपते.

तिसरी ‘चेज -एल’, लहान एल. पासवर्ड शेवटचा कधी बदलला, कधी संपणार, किती दिवस आधी सूचना, सगळं एका जागी. आणि चौथी ‘फेललॉक --यूजर’ आणि नाव. फेललॉक म्हणजे फसलेले प्रयत्न मोजून खातं बंद करणारी यंत्रणा. हिच्यावर आता जरा थांबतो, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली.

स्टोअरमधल्या बाय

आमच्या स्टोअरमध्ये एक बाय आहेत, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्या. एका पावसाळ्यात त्यांचा रोज सकाळी सव्वाआठला फोन. ‘बाबा, गेला रे परत.’ मी पासवर्ड बदलायचो, फेललॉकची नोंद पुसायचो, दिवसभर चालायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी मी शहाणपणा केला आणि म्हटलं, बाय, कुठेतरी लिहून ठेवा, वय झालं की होतं असं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, ‘६२०५ पासून ६३०८ पर्यंत सगळी बेअरिंगं कुठल्या रॅकमध्ये कुठल्या खणात आहेत ते मला झोपेत विचार. आणि एक पासवर्ड मी विसरेन?’

त्या दिवशी मी काहीही रीसेट न करता आधी बघितलं. फेललॉक फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची वेळ दाखवतो, आणि प्रयत्न कुठून झाला तेही. तीन ओळी होत्या. तिन्ही आठ वाजून चार ते सहा मिनिटांच्या मधल्या. बाय कार्ड पंच करतात आठ दहाला. म्हणजे त्या गेटातून आत येण्याआधीच त्यांचं खातं बंद पडलेलं असायचं. आणि तिन्ही ओळींत एकच आयपी पत्ता, स्टोअरच्या यंत्राचा नव्हे.

पुढचं सोपं होतं. /व्हीएआर/लॉग/सिक्युअर या फाइलमध्ये (डेबियनवर तिचं नाव ऑथ डॉट लॉग) त्याच वेळेच्या ओळी काढल्या. विनंती आलेली डव्हकॉटकडून, म्हणजे टपालाच्या सर्व्हरकडून. डीएचसीपीच्या, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या, नोंदीत तो पत्ता निघाला वजनकाट्याच्या केबिनमधल्या संगणकाचा.

छत्री उघडून मी काट्यावर गेलो. मागच्या महिन्यात तिथला माणूस आजारी असताना बायनी आठवडाभर ती केबिन सांभाळली होती, आणि येणारी चलनं बघायला थंडरबर्ड या टपालाच्या प्रोग्रॅममध्ये आपलं टपाल जोडून ठेवलं होतं. पासवर्डही तिथे जतन केलेला. पुढे नव्वद दिवसांच्या नियमाने तो बदलला, थंडरबर्डला जुनाच ठाऊक. सकाळी आठला रखवालदार संगणक चालू करतो, थंडरबर्ड आपोआप उघडतं, जुन्या पासवर्डने सर्व्हरचं दार ठोठावतं, आणि मग ‘पुन्हा प्रयत्न करू का’ अशी एक खिडकी येते. रखवालदार म्हणाला, ‘ती रोज येते, मी ओके-ओके दाबतो, मग जाते ती.’ दोन वेळा ओके आणि एक आधीचा, झाले तीन.

फेललॉकचा मूळ हिशेब असा, की १५ मिनिटांत ३ प्रयत्न फसले तर खातं १० मिनिटं बंद. तो तसाच ठेवला असता तर सव्वाआठपर्यंत कुलूप आपोआप उघडलं असतं आणि कुणाला काही कळलंही नसतं. पण ऑडिटच्या आग्रहाखातर मी उघडण्याची मुदत शून्य केली होती, आणि शून्य म्हणजे प्रशासकाने हाताने उघडेपर्यंत बंद. थंडरबर्डमधून बायचं खातं काढून टाकलं. पाच दिवस मी त्यांचे पासवर्ड बदलत होतो त्याचा काडीचा उपयोग नव्हता. काम होत होतं ते फक्त फेललॉक पुसण्याने. आज्ञा अशी: ‘फेललॉक --यूजर’, नाव, आणि पुढे ‘--रीसेट’.

बायची माफी मागायला चहाच्या सुट्टीत गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला एक ६२०५ हातात दिलं, टेबलावर कागद दाबायला. अजून आहे.

तेव्हापासून तीच व्यक्ती दुसऱ्यांदा आली की पहिला प्रश्न: हा पासवर्ड आणखी कुठे जतन केला आहेस? जुना मोबाइल, घरचा लॅपटॉप, स्कॅनरमध्ये भरलेलं टपालखातं, कुणाच्या तरी स्क्रिप्टमध्ये. रात्री दोन वाजता ठरावीक अंतराने फसणारे प्रयत्न माणसाचे नसतात.

आमच्या एआयएक्सवर फेललॉक नाही. तिथे फसलेल्या प्रयत्नांचा आकडा /ईटीसी/सिक्युरिटी/लास्टलॉग फाइलमध्ये साठतो आणि सीएचसेक आज्ञेने शून्यावर आणावा लागतो. पासवर्ड बदलून दिला तरी हा आकडा तसाच राहतो आणि माणूस बाहेरच राहतो. आणखी एक गंमत: तिथे अजून जुनी आठ अक्षरांची पद्धत चालू आहे. एकाने मोठ्या हौसेने ‘माटोळी-फणस-होडी’ असा लांबलचक पासवर्ड ठेवला होता. यंत्राने लक्षात ठेवलं ते माटोळी, आडवी रेघ आणि फणसाचं पहिलं अक्षर.

चवथ आणि नव्वद दिवस

आता सुट्टीनंतरच्या गर्दीकडे. यातही विसरणारे थोडेच. खरी भानगड मुदतीची. आमच्याकडे ९० दिवसांनी पासवर्ड संपतो आणि ७ दिवस आधीपासून सूचना मिळते. ती सूचना फक्त टर्मिनलवर लॉगिन करणाऱ्याला दिसते. जो नुसतं टपाल आणि फाइली वापरतो त्याला कधीच दिसत नाही. आणि ते सात दिवस नेमके गावच्या घरी आरतीत गेले, तर टर्मिनलवाल्यालाही नाही. वर ‘चेज -आय’ (मोठा आय) लावून निष्क्रियतेची मुदत दिलेली असेल तर मुदतीनंतर तेवढे दिवस उलटले की खातं पूर्ण बंद, मग स्वतः पासवर्ड बदलायचीही सोय उरत नाही.

म्हणून मी चवथीच्या पंधरा दिवस आधी शॅडो फाइल चाळतो. तिच्यात प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी वेगळे केलेले नऊ रकाने असतात. तिसऱ्यात पासवर्ड शेवटचा बदलल्याचा दिवस, १ जानेवारी १९७० पासून मोजलेला. पाचव्यात कमाल मुदत. दोघांची बेरीज सुट्टीच्या दिवसांत पडते का, एवढं ऑक या रकाने चाळणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीत निघतं. तिसऱ्या रकान्यात २०००० दिसलं तर तो ४ ऑक्टोबर २०२४. ज्यांची बेरीज सुट्टीत पडते त्यांना आधीच बदलायला सांगतो. हे सुरू केल्यापासून नेवऱ्या कमी झाल्या, हा त्यातला तोटा.

खरं तर हा नव्वद दिवसांचा नियमच मला पटत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये. सक्ती केली की लोक ‘मंगेश@१’चं ‘मंगेश@२’ करतात. आमच्याकडे कुलदेवतेचं नाव आणि शेवटी आकडा असे पासवर्ड किती असतील याचा अंदाज बांधायला हॅश फोडायची गरज नाही. पण नियम माझ्या हातात नाही.

कळफलक आणि घड्याळ

दोन कारणं अशी, की लॉग बघूनही चटकन लक्षात येत नाहीत.

पहिलं, कळफलक. मराठीत पत्र टंकून झालं आणि पडद्याला कुलूप लागलं, तर काही यंत्रांवर लॉगिनच्या चौकटीतही मराठी मांडणीच राहते. चौकटीत नुसते ठिपके दिसतात, आत देवनागरी चाललेली असते. इंग्लंडची मांडणी निवडली गेली असेल तर ‘@’ आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते. आणि आमच्याकडे निम्म्या पासवर्डांत ‘@’ आहे. उपाय सोपा: वापरकर्त्याच्या नावाच्या चौकटीत पासवर्ड टंकून बघायचा, मागे कुणी नाही हे बघून, आणि लगेच पुसायचा. नमलॉकही तिथेच सापडतो.

दुसरं, घड्याळ. जूनमध्ये वीज दिवसातून चार वेळा जाते, यूपीएस थकलेला असतो, मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी मेलेली असते. यंत्र परत सुरू होतं ते भलत्याच तारखेला. घड्याळ पुढे गेलं तर सगळ्यांचे पासवर्ड एका झटक्यात ‘मुदत संपलेले’. मागे गेलं तर पासवर्ड भविष्यात बदलल्याची तक्रार लॉगमध्ये दिसते. कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या प्रणालीला ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि मोबाइलवरचे सहा आकड्यांचे कोड तर ३० सेकंदांचे. एकाच वेळी दहा जणांनी ‘विसरलो’ म्हटलं की मी सरळ ‘डेट’ टंकतो. घड्याळ जुळवणारी क्रोनी चालू असेल आणि वेळ सांगणाऱ्या एनटीपी सर्व्हरपर्यंत पोचत असेल तर हा प्रश्नच येत नाही. तसंही सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरांशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंच आहे. आमचे लॉग तोवर चार आठवड्यांनी पुसले जायचे.

बदलायचाच असेल तर

रूट म्हणून ‘पासडब्ल्यूडी’ आणि नाव. जुना विचारला जात नाही. कमकुवत पासवर्ड दिला तर यंत्र कुरकुरतं, पण रूटचं ऐकतं. म्हणून तात्पुरता पासवर्डही धड द्या. मग ‘पासडब्ल्यूडी -ई’ किंवा ‘चेज -डी ०’, म्हणजे पुढच्या लॉगिनला तो बदलावाच लागतो आणि मला माहीत असलेला पासवर्ड त्याच्याकडे राहत नाही. एवढंच. पण इथे चार खड्डे आहेत आणि मी चारही खड्ड्यांत पडलोय.

‘यूजरमॉड -पी’ला साधा पासवर्ड देऊ नका. त्याला तयार हॅश लागतो. साधा शब्द दिला तर तोच हॅश म्हणून शॅडोमध्ये जाऊन बसतो, कुठलीही चूक दाखवली जात नाही, आणि माणूस जन्मात लॉगिन करू शकत नाही. स्क्रिप्टमधून करायचं असेल तर सीएचपासडब्ल्यूडी आहे, पण त्याला इको लावून पासवर्ड दिलात तर तो बॅशच्या, म्हणजे टंकलेल्या आज्ञांच्या, इतिहासात कायमचा राहतो. फाइलमधून द्या आणि फाइल पुसा.

फक्त एसएफटीपी (फाइली पाठवायची सोय) वापरणाऱ्या बाहेरच्या पुरवठादारांवर सक्तीचा बदल लावू नका. त्यांना शेल, म्हणजे आज्ञा टंकायची जागा, नसतं, बदलायला जागाच मिळत नाही, जोडणी नुसती तुटते.

सेवा-खाती, म्हणजे माणसांऐवजी प्रोग्रॅम वापरतात ती, यातून वगळा. मी एकदा लूप लावून सगळ्यांनाच ९० दिवस दिले, त्यात बॅकअपचं खातंही आलं. नव्वदाव्या दिवशी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा, गप्प झाला. क्रॉनही खात्याची मुदत तपासतो, हे तेव्हा डोक्यातच नव्हतं. नऊ दिवस बॅकअप नाही, आणि कळलं ते एका लेखापालाने जुनी फाइल मागितल्यावर. आता त्या खात्यांना ‘चेज -एम’ (मोठा एम) लावून उणे एक.

चौथा, डेस्कटॉपवाल्यांसाठी. रूटने पासवर्ड बदलला तरी ग्नोमची किल्ल्यांची पेटी, कीरिंग, जुन्याच पासवर्डने बंद राहते आणि दर लॉगिनला खिडकी येते. जुना आठवत असेल तर पेटीचा पासवर्ड सीहॉर्समधून बदला. नसेल तर पेटी टाकून नवी. घरफोल्डर ईक्रिप्टएफएसने कूटबद्ध असेल तर मात्र रीसेटच्या आधी थांबा. जुन्या पासवर्डशिवाय किंवा वेगळ्या जपून ठेवलेल्या मूळ किल्लीशिवाय आतल्या फाइली गेल्या.

सामायिक फोल्डरं चालवणाऱ्या सांबाचा पासवर्ड वेगळा असतो, हे वेगळं सांगायला नको असं मला वाटायचं. सांगावं लागतं. फाइल सर्व्हरची सामायिक फोल्डरं अजून जुनाच मागत असतील तर एसएमबीपासडब्ल्यूडी. आणि फ्रीआयपीएमध्ये प्रशासकाने दिलेला पासवर्ड जन्मतःच मुदत संपलेला असतो. पहिल्या लॉगिनला बदला म्हणून विचारलं की लोक पुन्हा फोन करतात, ‘तू दिलेला पण चालत नाही’.

कधी पासडब्ल्यूडी आज्ञाच अडते: टोकन हाताळताना चूक झाली, एवढंच म्हणते. तेव्हा बघायचं क्रमाने: मूळ विभाग भरलाय का (डीएफ), तो फक्त-वाचन अवस्थेत गेलाय का, जे वीज गेल्यानंतर हमखास होतं, शॅडो फाइलला कुणी चॅटरने ‘बदलू नये’ची खूण लावलीय का (एलएसॲटरने दिसते). आणि रूटला जमतं पण साध्या वापरकर्त्याला नाही, असं असेल तर पासडब्ल्यूडी आज्ञेच्या फाइलचा सेटयूआयडी, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालायची खूण, गेलेला असतो. एका उत्साही मदतनिसाने सगळ्या आज्ञांना एकदम ७५५ दिलं होतं. हवं असतं ४७५५.

मागणारा कोण?

सगळ्यात कच्चा दुवा यंत्रात नसतो. गोवा लहान. फोनवर ‘अरे, आवाज ओळखला नाहीस?’ म्हटलं की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. कुणाचा तरी मावसभाऊ, कुणाच्या तरी वाड्यावरचा. एका शनिवारी संध्याकाळी फोन आला: सायबांबरोबर म्हापशाला आहे, साहेब गाडी चालवतायत, त्यांचा पासवर्ड पटकन बदलून मला सांग. आवाज ओळखीचा वाटला, साहेबांची गाडीही त्याला ठाऊक होती. मी म्हटलं, ठेवा, मी साहेबांच्या नंबरवर लावतो. फोन कट. साहेब घरी झोपलेले होते.

तेव्हापासून एकच नियम. माणूस समोर येतो, नाहीतर मी नोंदीतल्या क्रमांकावर उलट फोन करतो. पासवर्ड व्हॉट्सॲपच्या समूहात जात नाही. मदतनिसांना सुडोमधून (रूटचा अधिकार उसना देणारी आज्ञा) फक्त पासडब्ल्यूडी आज्ञा दिली आहे, रूटचं नाव वगळून. आणि नाव न देता ती चालवता येऊ नये याचीही काळजी घेतली आहे, कारण सुडोखाली नुसतं पासडब्ल्यूडी म्हणजे रूटचाच पासवर्ड.

आणि रूटचाच हरवला तर

हे लाजिरवाणं प्रकरण थोडक्यात. यंत्रासमोर जाऊन बसावं लागतं. रेड हॅट घराण्यात सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीवर ‘ई’ दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘आरडी डॉट ब्रेक’ जोडा, कंट्रोल-एक्स. मग /सिसरूट लिहिता येईल असं पुन्हा माउंट करा, त्यात सीएचरूट, पासडब्ल्यूडी, आणि ‘टच /डॉट ऑटोरिलेबल’. डेबियनवर त्याच ओळीला ‘इनिट बरोबर /बिन/बॅश’. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या आणखी एका भावंडात एकल-वापरकर्ता अवस्था, पण कन्सोल असुरक्षित म्हणून नोंदवलेला असेल तर तिथेही रूटचा पासवर्ड विचारतात. ग्रबला स्वतःचा पासवर्ड असेल किंवा डिस्क लक्सने कूटबद्ध असेल तर त्या किल्ल्या हव्यातच.

ऑटोरिलेबल विसरू नका. विसरलात तर एसईलिनक्स या सुरक्षेच्या पहारेकऱ्याला शॅडोवरची खूण ओळखता येत नाही आणि आता कुणालाच लॉगिन करता येत नाही. आणि लावलंत की वाट बघा. यंत्र प्रत्येक फाइलवर खूण लावत बसतं, पडद्यावर नुसत्या चांदण्या सरकतात, आमच्या फाइलींच्या ढिगाला चाळीस मिनिटं लागली. मी हे केलं तो जूनचा तिसरा आठवडा होता, बाहेर ढग गडगडत होते. पस्तिसाव्या मिनिटाला दिवे गेले. यूपीएसने चार मिनिटं धरलं.